१००० कॅलरींचं डाएट सुरू केल्यापासून चिडचिड आणि धडधड वाढली आहे. डाएटमुळे असं होतं का?

होऊ शकतं, आणि त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही.

दुपारी चारच्या सुमाराला हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते? मग सकाळपासून पोटात काय गेलंय ते आधी आठवा. रक्तातली साखर फार उतरली की शरीर ती सावरायला अ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाबरल्यावर सुटतं तेच. त्यामुळे भुकेची धडधड आणि भीतीची धडधड आतून सारखीच वाटते. वर उपाशीपोटी दोन कप कोरी कॉफी असेल तर बघायलाच नको. अशाच एका डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी चुकलो आणि ओरडलो मात्र आईवर!

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अन्सेल कीज यांनी एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने रोज साधारण १६०० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांना चालावंही भरपूर लागे, हे खरं. पण माणसं चिडकी, उदास झाली, एकेकटी राहू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. तुमचा आकडा त्यांच्याही खाली आहे.

गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी केल्या तरी वजन उतरतं, जरा सावकाश. चारला मूठभर फुटाणे आणि ताक घेऊन बघा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर थरथरताना साखर लगेच तपासा. पोटभर खाऊनही धडधड राहिली तर डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनबद्दल विचारा.