मे महिन्यात युगांडाला मिशन ट्रिप : तिथे गेल्यावर सगळंच ऐनवेळी बदललं तर कसं निभवायचं?

तुमचा प्रश्न असा : सोलापुरातल्या तुमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, नऊ तरुण मेच्या सुट्टीत पूर्व युगांडात सेवेसाठी जाणार आहेत, रोजचा कार्यक्रम छापून तयार आहे, पण तिथे तशी परिस्थिती नसली तर काय करायचं? अशा वेळी मंडळीत हमखास कोणीतरी म्हणतं, "प्रार्थनेत राहा, प्रभू सोय करील." प्रार्थनेत राहाच. पण याच वाक्याचा आधार घेऊन बॅगेतलं सामान बाहेर काढायला लावणारी माणसं मी पाहिलीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तो छापील कार्यक्रम अर्धा करा. आपल्याकडे मे म्हणजे ४२-४३ अंश. तिकडे मार्च ते मे मोठा पावसाळा असतो. तांबड्या मुरमाचे रस्ते भिजले की गाडी रुतते आणि दोन तासांच्या वाटेला पाच-सहा तास लागतात. दिवसाला एकच कार्यक्रम ठेवा, तोही सकाळचा.

आता पाणी. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्या गटाचा मुक्काम पूर्व युगांडातल्या सोरोटी शहराच्या पुढे एका गावात, मंडळीच्या शाळेत होता. शाळेच्या आवारातला हापसा आम्ही पोचायच्या आदल्या आठवड्यात बंद पडला होता. बाया आणि पोरं वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन दलदलीकाठच्या खड्ड्यावर जायची. मुलांचा बायबल वर्ग दुपारी तीनला, आणि नेमकी त्याच वेळी मुलं पाण्याला. पहिल्याच दिवशी कार्यक्रम कोलमडला.

तो हापसा होता इंडिया मार्क टू. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. आणि हे सोलापूरकरांना माहीत असायलाच हवं : या पंपाचा पूर्वज म्हणजे 'सोलापूर पंप'. मिशनच्या पाण्याच्या कामातून आधी जालना पंप आला, मग सोलापूर पंप. घरगुती वापराचे ओतीव लोखंडी पंप अख्ख्या गावाने हापसले की सांध्यात मोडायचे. त्यावर उपाय म्हणून स्टीलची बांधणी, हँडलला एकच खिळ आणि दांडी सरळ वर ओढणारी चेन आली. युनिसेफने १९७०च्या दशकात हीच रचना पुढे नेऊन मार्क टू घडवला आणि तो जगभर गेला. सेवा म्हणजे फक्त वचन सांगणं, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावाचा हा इतिहास एकदा वाचावा.

बिघाड ओळखायला पंप खोलावा लागत नाही. हँडल एकदम हलकं लागतंय आणि पाणी येत नाही, तर बहुधा आतला रॉड तुटलाय किंवा कपलिंगमधून सुटलाय. पाणी येतं पण बऱ्याच हापशांनंतर, तर पाणी आल्यावर अर्धा तास थांबा आणि पुन्हा हापसा. पाचपेक्षा जास्त पूर्ण हापसे लागले तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाईपचा जोड गळतोय. मग मिनिटाला ४० पूर्ण हापसे मारून बादलीत मोजा. १० लिटरपेक्षा कमी भरलं तर खालच्या सिलिंडरमधले दट्ट्याचे वायसर झिजलेत. आमच्या इथे हँडल जड होतं, आवाज नव्हता, आणि मिनिटभरात बादलीत जेमतेम दोन लिटर. वायसर गेले होते.

मार्क टूमध्ये वायसर बदलायला सगळे पाईप वर काढावे लागतात. (मार्क थ्रीमध्ये लागत नाहीत. तिथे पाईप रुंद असतो आणि दट्ट्या आतूनच वर येतो.) ३२ मिलिमीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, एक नग तीन मीटरचा. असे दहा पाईप म्हणजे रॉड आणि आतल्या पाण्यासकट दीडशे किलोच्या आसपास वजन. सहा धडधाकट माणसं हवीत. वरची टाकी काढल्यापासून शेवटचा पाईप बाहेर येईपर्यंत पाईप धरणारा क्लॅम्प सोडायचा नाही. पाईप निसटून बोअरमध्ये पडला तर तो काढायचं साधन खेड्यात नसतं आणि बोअर बाद होतो. पाईप पुन्हा बसवताना प्रत्येक आट्याचा गंज ब्रशने साफ करायचा. पाणी आम्लधर्मी असेल तर जीआय पाईपला भोकं पडतात, तेव्हा पाईप वर आलेच आहेत तर एकेक तपासून घ्या. सगळं बसल्यावर बोअरमध्ये ब्लीचिंगचं पाणी सोडून रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत हापसून टाकायचं.

क्लॅम्प आणि उचलायचे पाने गावच्या पंप मेकॅनिककडे होते, वायसर नव्हते. आणि इथेच माझा जुना राग आहे. निघण्याआधी यादीत चार वायसर, सीलिंग रिंगा, एक चेन, ६२०४ नंबरचे दोन बेअरिंग आणि १९ नंबरचा पाना लिहिलेला होता. दोन किलोच्या आसपास वजन. आमच्या कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी ते काढायला लावलं : "आपण सुवार्ता सांगायला चाललोय, फिटरकाम करायला नाही." त्या जागी सुवार्तेच्या छापील पत्रिका भरल्या, त्याही इंग्रजीत, आणि त्या गावात म्हातारी माणसं आतेसो बोलतात. वायसर आणायला माणूस मोटरसायकलवर शहरात गेला, पाऊस लागला, दोन दिवस गेले. ते दोन दिवस लेकरं खड्ड्याचं पाणी वाहत होती. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे : नऊ जणांत एक मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन नसेल तर गाणाऱ्यांपैकी एकाला घरी ठेवा.

पंप सुरू होईपर्यंत पिण्याचं पाणी असं करा. सुती कापडाची चार पदरी घडी करून गाळा, मग खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट राहू द्या. जळण नसेल तर क्लोरीनची गोळी, नंतर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यावर गोळीचा गुण येत नाही, म्हणून गाळणं आधी. जुलाब लागले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

बाप्तिस्मा सरोवरात द्यायचा बेत असेल तर बदला. व्हिक्टोरिया आणि क्योगा या सरोवरांत गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा जंतांचा रोग आहे. त्याचे जंतू पाण्यात उभं राहिलं तरी कातडीतून आत शिरतात. टाकी भरून, झाकून, दोन दिवस तशीच ठेवा. गोगलगायीविना तेवढ्या वेळात जंतू मरतात. नळाला चार-चार दिवसांनी पाणी आलेलं पाहिलेल्या सोलापूरकराला पिंप भरून ठेवणं शिकवायला नको.

जेवणाची चिंता नको. तिकडे नाचणीचा आणि ज्वारीचा घट्ट गोळा, 'अताप', आणि शेंगदाण्याची आमटी असते. प्रवासापुरती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुरे. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो, आपली गोल पिन बसत नाही. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या. जुन्या सालच्या, शाई लागलेल्या घेत नाहीत.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो. "आपल्याकडेही मलेरिया आहे, काही होत नाही" असं म्हणू नका. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परतल्यावर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. परतल्यानंतर ताप आला तर युगांडाहून आलो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

एक राहिलं. हापसा आपला नाही, गावाचा आहे. तिथली पाणी समिती आणि मेकॅनिक हजर असल्याशिवाय एक बोल्टही सैल करायचा नाही. काम मेकॅनिकच्या हाताखाली करायचं आणि त्याची मजुरी चुकती करायची. आपण फुकटात केलं तर पुढच्या बिघाडाला तो येणार नाही. तुमच्या यजमान पाळकांना आजच मेसेज टाका : हापसा कोणता, पाईप किती, वायसर शेवटचे कधी बदलले. उत्तर आलं की त्या मापाचं सामान आधी भरा, पत्रिका नंतर.