दहापैकी सात : मज्जारज्जूच्या इजेनंतरचे जगणे

मज्जारज्जूच्या इजेनंतरचे आरोग्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यांतले प्रश्न थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक कुटुंबात निघतात.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी अपघात झाला. छातीच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे तो आता व्हीलचेअर वापरतो. अलीकडे एका संशोधनासाठी त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. ‘एकूण आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला त्याने दहापैकी सात गुण दिले. त्याच्या जागी मी असते तर दोनही दिले नसते. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो असे लिहितो का? आणि अशा उत्तरांवर संशोधन कसे उभे राहते?

उत्तर : ‘दोनही दिले नसते’ हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ते आपण मायेपोटी लिहिले आहे, यात मला शंका नाही. परंतु जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या संशोधकांना वर्षानुवर्षे ज्या समजुतीशी झुंजावे लागले, तीच समजूत त्या वाक्यात आहे. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तातडीच्या उपचारांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांना असे विचारण्यात आले होते की, मज्जारज्जूला गंभीर इजा झाली तर आपण जिवंत राहिल्याचा आपल्याला आनंद वाटेल का. फक्त १८ टक्के जणांनी होकार दिला. ज्यांना प्रत्यक्ष तशी इजा झाली होती, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ९२ टक्के होते. ही तफावत गंभीर आहे, कारण इजेनंतरच्या पहिल्या काही तासांत नातेवाइकांशी बोलणारी आणि उपचार किती नेटाने करायचे याचा सल्ला देणारी माणसे याच पेशातली असतात.

अशी तफावत का पडते? धडधाकट माणूस जेव्हा या अवस्थेची कल्पना करतो, तेव्हा त्याला फक्त गमावलेले दिसते. जो त्या अवस्थेत रोज जगतो, त्याच्या दिवसात मात्र कामाची चिंता असते, मित्राचा फोन असतो, एखाद्या सामन्याचा निकाल असतो, घरातला रुसवाफुगवाही असतो. शिवाय कालांतराने माणसाची मोजपट्टीच बदलते. कशाला किती महत्त्व द्यायचे याचा क्रम नव्याने लागतो. संशोधक या बदलाचा स्वतंत्र अभ्यास करतात आणि त्याला खोटेपणा मानत नाहीत. आपल्या भावाने भरलेला प्रश्नही विचारपूर्वक ठरवलेला आहे. एकूण आयुष्य, शारीरिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या तीन गोष्टींबद्दलचे समाधान शून्य ते दहा या मापात विचारणारा एक छोटा आंतरराष्ट्रीय प्रश्नसंच आहे आणि पुढे त्यात सामाजिक आयुष्याचा चौथा प्रश्न घालण्यात आला. तो मुद्दाम लहान ठेवला आहे, म्हणजे वेगवेगळ्या देशांतली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. शारीरिक क्षमता मोजणारी साधने वेगळी असतात. येथे माणसाचा स्वतःचा निवाडा हवा असतो आणि तो त्याच्याखेरीज दुसरे कोणी देऊ शकत नाही.

याच्या उलट बाजूलाही एक चूक होते. १९७८ सालच्या एका अभ्यासाचा दाखला देऊन ‘अपघातात अपंगत्व आलेली माणसे वर्षभरात लॉटरी लागलेल्यांइतकीच सुखी होतात’ असे सर्रास सांगितले जाते. त्या अभ्यासात अपघातग्रस्त २९ आणि लॉटरी जिंकलेले २२ होते आणि तो तसे म्हणतच नाही. अपघातग्रस्तांनी स्वतःच्या सुखाला दिलेले गुण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. मात्र ते मापाच्या मध्यबिंदूच्या वर होते, हेही तितकेच खरे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मज्जारज्जूची इजा झालेल्या साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य असल्याचे दिसते. म्हणजे बहुसंख्यांना ते नसते. पण ज्यांना असते, त्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा जास्त आहे आणि त्यांना उपचार मिळायलाच हवेत. ‘अशा स्थितीत उदास वाटणारच’ असे म्हणून ते टाळणे हा मोठा अन्याय आहे.

आणखी एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. मार्सेल डायकर्स यांनी १९९७ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. इजा किती वर आहे किंवा किती पूर्ण आहे (म्हणजे तिच्याखाली संवेदना आणि हालचाल मुळीच उरली नाही, की थोडीफार उरून ती ‘अपूर्ण’ ठरली) याचा जगण्याच्या दर्जाशी असलेला संबंध त्यात दुबळा निघाला, तर माणूस काम, नाती आणि समाजातले वावरणे यांत किती सहभागी होऊ शकतो, याच्याशी तो अधिक घट्ट आढळला. म्हणून आपल्या भावाचे सात गुण खरे धरा. उरलेले तीन कशापायी गेले, हे मात्र त्याला एकदा निवांत बसून विचारा आणि तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐका.

प्रश्न : मला इजा होऊन सहा वर्षे झाली. कमरेखाली संवेदना नाही. घरात विषय निघतो तो एकच, मी चालणार कधी? मला स्वतःला मात्र लघवी, शौच आणि बसून बसून होणाऱ्या जखमा यांचीच चिंता जास्त वाटते. मी हार मानली आहे, असे घरच्यांना वाटते.

उत्तर : आपण हार मानलेली नाही. किम अँडरसन यांनी २००४ साली ६८१ जणांना थेट विचारले होते की, कोणती गोष्ट परत मिळाली तर आपल्या जगण्यात सर्वांत जास्त फरक पडेल. ज्यांचे चारही हातपाय बाधित होते, त्यांनी हातांचे आणि बोटांचे काम सर्वांत वर ठेवले. ज्यांचे फक्त पाय बाधित होते, त्यांनी लैंगिक क्षमता. मूत्राशय आणि आतडे यांच्यावरचा ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटत होता. चालण्याची इच्छा कोणाला नसते असे नाही. परंतु बाहेरून बघणाऱ्याला खुर्ची दिसते आणि खुर्चीत बसलेल्याला पुढच्या चार तासांत स्वच्छतागृह कुठे मिळेल हे दिसते. घरच्यांना हा अभ्यास जरूर वाचून दाखवा.

आपली चिंता किती रास्त आहे, हे इतिहासही सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूची इजा झालेली माणसे बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत आणि त्यांचा जीव जाई तो शय्याव्रणांतून आणि मूत्रमार्गातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि रुग्णांना दिवसरात्र ठरावीक वेळाने कुशीवर वळवण्याचा दंडक घालून दिला. त्याच आवारात १९४८ साली त्यांनी १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभे राहिले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्या तिरंदाजांना जिवंत ठेवणारी कूस बदलण्याची शिस्त मात्र फारशी कोणाला आठवत नाही. मूत्राशयाच्या बाबतीत असेच वळण १९७२ साली आले. मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की, ठरावीक वेळाने स्वतःच्या हाताने, स्वच्छ पण निर्जंतुक नसलेल्या पद्धतीने कॅथेटर (लघवी काढण्याची बारीक नळी) घालून मूत्राशय रिकामे करता येते. मूत्राशय फार ताणू न देणे हे निर्जंतुकतेच्या अट्टहासापेक्षा महत्त्वाचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. कॅथेटर स्वतः घालता येऊ लागल्याने असंख्य लोकांची मूत्रपिंडे वाचली आणि त्यांना घराबाहेर पडता आले.

जखमांविषयी एक गोष्ट आजच करून पाहण्यासारखी आहे. हात खुर्चीच्या कडांवर रोवून शरीर पंधरा ते तीस सेकंद उचलून धरायचे, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. बसण्याच्या हाडांखालच्या त्वचेतला प्राणवायू मोजल्यावर असे आढळले की, तो पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागतात. एवढा वेळ हातांवर तोलून राहणे कोणालाही जमत नाही आणि तसा प्रयत्न करताना खांद्यांची झीज होते ती वेगळीच. ज्याला हातांनीच चाके फिरवायची आहेत, त्याला खांदे जपावेच लागतात. त्यापेक्षा समोरच्या टेबलावर कोपरे टेकवून छाती मांड्यांकडे झुकवा, किंवा आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला कलंडा, आणि घड्याळात पूर्ण दोन मिनिटे जाऊ द्या. तोल जाण्याची भीती असेल, तर सुरुवातीला कोणाला तरी शेजारी उभे राहू द्या. रात्री झोपताना आरशात बसण्याची जागा पाहा आणि लाली दिसली तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार देऊ नका.

प्रश्न : माझ्या पतींना मानेजवळ इजा झाली आहे. कधी कधी त्यांचे डोके अचानक ठणकू लागते, चेहरा लाल होतो आणि कपाळावर घाम येतो. एकदा रक्तदाब १४० भरला, तेव्हा ‘एवढे काही विशेष नाही’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर कृपया जपून ठेवा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असेल, तर शरीराच्या खालच्या भागातल्या एखाद्या त्रासामुळे रक्तदाब एकाएकी उसळू शकतो; मज्जारज्जूतून येणारा मेंदूचा आवर त्या भागापर्यंत पोहोचत नाही. अशा व्यक्तींचा वरचा रक्तदाब एरवीच ९० ते ११० असू शकतो, त्यामुळे इतरांना किरकोळ वाटणारा १४० हा त्यांच्यासाठी धोक्याचा असतो. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने झालेली वाढ गंभीर समजावी. लगेच त्यांना ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा कारण भरलेले मूत्राशय असते, त्याखालोखाल तुंबलेले आतडे. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजा. तो उतरत नसेल, तर थांबू नका, रुग्णालय गाठा. नेहमीचा रक्तदाब आणि ही लक्षणे लिहिलेला कागद त्यांच्या खिशात कायम असू द्या, कारण प्रत्येक डॉक्टरने असा रुग्ण पाहिलेला असतोच असे नाही.

प्रश्न : विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने हातांत ताकद येते, असे वाचले. मला इजा होऊन अकरा वर्षे झाली. आता उपयोग आहे का?

उत्तर : आशा धरण्यास जागा आहे, पण ती नेमकी कशाची ते सांगतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानेजवळ अपूर्ण इजा झालेल्या ६० जणांनी आधी दोन महिने नुसते व्यायामोपचार घेतले आणि मग दोन महिने मानेच्या त्वचेवरून प्रवाह देत तेच उपचार घेतले. शस्त्रक्रिया नव्हती. ७२ टक्के जणांची हातांची ताकद आणि हातांचे काम या दोन्हींत सुधारणा झाली आणि इजेला ३४ वर्षे झालेल्या व्यक्तीचाही चाचणीत समावेश होता. त्यामुळे केवळ अकरा वर्षे लोटली म्हणून दार बंद होत नाही. मात्र तुलनेसाठी लटका प्रवाह दिलेला गट या चाचणीत नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या उपकरणाला परवानगी दिली, तीही हातांची ताकद आणि संवेदना यांपुरती.

म्हणून कुठेही नाव नोंदवण्यापूर्वी आपली इजा अपूर्ण आहे का, हे तपासून घ्या, आणि सोबतचे व्यायामोपचार कोण करून घेणार आहे तेही विचारा. त्यांच्याशिवाय नुसत्या प्रवाहाची ही चाचणी नव्हती. आपल्याला नेमके काय करता यायला हवे आहे, हे आधीच लिहून काढा. बोटांची पकड थोडी जरी वाढली, तरी काही जणांना कॅथेटर स्वतःच्या हाताने घालता येतो आणि मग त्या कामासाठी रोज दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही.