लॅपटॉपवाल्याने उघडलेली फीचर्स आणि अडकलेला क्लेम

प्रश्न (नाशिकचे एक वाचक): टर्बो पेट्रोल गाडीत बाहेरच्या ट्यूनरकडून, म्हणजे लॅपटॉप जोडून गाडीचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याकडून, दोन कामं करून घेतली. कंपनी जादा पैसे घेऊन सुरू करते ती फीचर्स उघडली आणि पॉवर ११५ पीएसवरून (मेट्रिक हॉर्सपॉवर) १४० केली. विमा कंपनीला कळवलं नाही. आता पुढच्या टेम्पोला धडक बसून टेम्पोचालकाचा हात मोडला. गाडीचं बिल ३ लाख ८० हजार. एजंट म्हणतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) यायच्या आत कंपनीची मूळ सॉफ्टवेअर फाइल टाकून घ्या. टाकू का?

उत्तर: अजिबात नको. गाडी आहे त्या स्थितीत राहू द्या. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पुन्हा फ्लॅश केला, म्हणजे त्यात फाइल टाकली, की बऱ्याच गाड्यांत फ्लॅशचा काउंटर वाढतो आणि उत्पादकाच्या टूलवर तो दिसतो. अनेक गाड्यांच्या एअरबॅग मॉड्यूलमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक यांची नोंद राहते. इंजिनाची फाइल बदलून ती जात नाही. आज तुमच्या अंगावर पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. फाइल बदलून क्लेम फॉर्मवर ‘बदल नाही’ लिहिलंत की ती फसवणूक होईल, आणि तडजोडीची वाटच बंद होईल.

दोन्ही बदल वेगळे मांडा, विमा कंपनी ते एकत्रच धरेल. फीचर उघडणं हा मुख्यतः तुमचा आणि उत्पादकाचा वाद. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये लॉक तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंगाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. गार हवेची सीट चालू केल्याने धडक बसली, असं कुणाला म्हणता येणार नाही. उघडलेल्यांत ब्रेक किंवा स्टिअरिंगशी निगडित काही असेल तर मात्र प्रकरण गंभीर. ट्यूनरकडून यादी लेखी घ्या.

पॉवरचं तसं नाही. हॉर्सपॉवर हा नोंदणीतला तपशील आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तो बदलू देत नाही, आणि कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनी याच मुद्द्यावर क्लेम नाकारू पाहील. तरी पूर्ण नकार हा एकमेव शेवट नाही. अमलेंदु साहू खटल्यात (२०१०) वापराच्या अटीचा भंग झालेला असूनही सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर, म्हणजे क्लेम पूर्ण न नाकारता कपात करून, काही रक्कम देववली. अशा निवाड्यांत मान्य होऊ शकणाऱ्या क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंतचा आकडा येतो. वाढीव पॉवरचा धडकेशी संबंध नव्हता हे दाखवता आलं, तर तुमची बाजू भक्कम. म्हणून एअरबॅग मॉड्यूलमधला डेटा दोन्ही पक्षांसमोर काढावा अशी लेखी मागणी करा, आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. तुमचा वेग खरंच जास्त असेल तर हाच डेटा उलटेल, तेव्हा मागणीआधी वकिलाशी मोकळेपणी बोला.

टेम्पोचालकाचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालेल. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम १५० विमा कंपनीला मोजकेच बचाव देतं. ट्यूनिंग त्यांत थेट नाही. पण ट्यूनिंगनंतर पॉलिसीचं नूतनीकरण झालं असेल, तर महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली असा बचाव कंपनी घेईल, आणि तो टिकला तर भरपाईचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो. ट्यूनरच्या पावतीवरची तारीख आणि नूतनीकरणाची तारीख शेजारी ठेवा. मी सगळ्यात आधी हेच पाहीन. माणूस जखमी झालाय, त्यामुळे पोलिसांना कळवलं नसेल तर आजच कळवा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज करा. एक महिन्यात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जा. फी लागत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख. मूळ फाइल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच टाकून घ्या, पण सर्व्हेअरची तपासणी संपल्यावर आणि जॉबकार्डवर तशी नोंद करून.