डॅलसला यायच्या आधी

"ताई, आयटीतली नोकरी सोडून डॅलसला आले तर इंग्रजी अ‍ॅनिमे डबिंगमध्ये जम बसेल का?" असं विचारलंस. जपानी कार्टूनला आवाज देण्याचं नंतर बघू, आधी व्हिसा.

हे काम तासावर मिळतं. दोन तास रेकॉर्डिंग करून घरी पाठवतात, पुढचं बोलावणं कधी येईल ते देव जाणे. कायम पगारावर ठेवणारा मालकच नाही, मग एच-1बी, म्हणजे मालकाने काढून द्यायचा नोकरीचा व्हिसा, कोण काढून देणार? ओ-1 व्हिसा आधीच नाव झालेल्यांसाठी. कंपनीतर्फे बदलीवर आलीस तरी शनिवारी गुपचूप स्टुडिओत जाऊन पैसे घेतले की व्हिसा धोक्यात. मी नवऱ्यामागे एच-4 वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आले आणि वर्क परमिट हातात पडेपर्यंत स्टुडिओचे फक्त फोटो बघितले.

हा धंदा इथे टेक्सासमध्ये रुजला तो 1994 मध्ये सुरू झालेल्या फनिमेशन या डबिंग कंपनीमुळे. आता तीच क्रंचीरोल. टेक्सासमधलं बरंचसं काम युनियनबाहेरचं, म्हणून स्वस्तातलं. 'जुजुत्सु कायसेन 0' मध्ये रिकाचा आवाज देणाऱ्या अनाइरिस किन्योनेस यांनी 2022 मध्ये जाहीरच सांगितलं होतं, त्या कामाचे 150 डॉलर मिळाले. सिनेमा मात्र थिएटरात जोरात चालला.

बूथमध्ये तू एकटी, काचेपलीकडे डायरेक्टर आणि इंजिनिअर. स्क्रिप्ट बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा दिसते. जपानी ओळ ऐकवतात, मग कानात तीन बीप. चौथा वाजायच्या जागी तू सुरू. पात्राचं तोंड मिटलं की तुझंही मिटलं पाहिजे, शब्द उरला तर वाक्य तिथल्या तिथे छाटतात. माझं पहिलं काम गर्दीचं, त्याला 'वॉला' म्हणतात: भाजीवाली, किंचाळणारी शेजारीण, एक मरणारा सैनिक. सैनिक चार वेळा मेला तेव्हा ओके झाला.

उच्चारांची गोष्ट वेगळीच. तोंडासमोर कागद धर आणि 'पेपर' म्हण. इथल्या माणसाच्या 'प'बरोबर हवेचा झोत येतो आणि कागद फडफडतो, आपला ढिम्म. 'वाइन' आणि 'व्हाइन' आपण एकाच 'व'त उरकतो, इथे ते लगेच कानाला खटकतं. मला हे सुधारायला दीड वर्ष लागलं, आणि दमले की अजूनही कोल्हापूर बाहेर येतं.

म्हणून आत्ता नोकरी सोडू नकोस. अ‍ॅनिमे हिंदीतही डब होतं. सुट्टीच्या दिवशी मुंबईत ऑडिशन देत राहा. ओठांशी झटापट तिथेही हीच. आवाजाचा डेमो झाला की पाठव, पण त्याआधी कागदाचा व्हिडिओ.