कन्नड बोलताना मराठी हेल जात नाही, क्लासमधले सर रोज टोकतात. काय करू?

हेल घालवायचा की ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं, सरांनी नव्हे. मी खानापूरकडचा. बेळगावात तीस वर्षं झाली, तरी माझं कन्नड ऐकून दुसऱ्या वाक्याला समोरचा आपणहून मराठीवर येतो. काही अडत नाही.

अडलं एकदाच. क्लास लावून दोन महिने झालेले. रविवार पेठेत पिशवी पुढे करून ऐटीत म्हणालो, 'तोगरी बेळे.' शेठजींनी वही ओढली नि विचारलं, 'एष्टु चीला?' किती पोती! मी म्हटलं, दोन किलो. हमालासकट सगळे हसले. त्यांना वाटलं, मी तुरीचं पीक विकायला आलोय. 'बे' आखूड म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ. 'कोडु'चंही तेच: आखूड ओ म्हणजे दे, लांब ओ म्हणजे शिंग. आपल्या मराठी लिहिण्यात आखूड ए-ओला चिन्हच नाही, म्हणून माझ्या वहीत पीक आणि डाळ दोन्ही 'बेळे'. शेवटी शेठजीच म्हणाले, 'ब्याळी अन्री', म्हणजे ब्याळी म्हणा. इकडचं कन्नड तसंच, 'नको'ला 'बेड' नाही, 'ब्याड'. ते मात्र जिभेवर लगेच बसलं.

दुसऱ्या दिवशी क्लासात 'ब्याळी' म्हटलं तर सर म्हणाले, हे गावंढळ, मराठी जीभ सुधारणार नाही. अहो, धारवाडच्या बाजारातही हेच बोलतात! आणि त्यांच्या मराठीत 'चाक'मधला च कायम 'चंद्र'मधला. मी कधी टोकलं? क्लास सोडला. फी गेली ती गेलीच. पुढे एकदा हेच सर भाजीवालीला 'ब्याड, ब्याड' म्हणताना दिसले. मी मुद्दाम थांबून ऐकलं.

कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली मंडारिन भाषकांचं इंग्रजी लोकांना ऐकवलं होतं. ज्यांचा हेल जड वाटला, त्यांचीही वाक्यं ऐकणाऱ्यांनी बऱ्याचदा अचूक उतरवून काढली. म्हणजे हेल वेगळा नि न कळणं वेगळं. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

तुम्ही वही कन्नड लिपीतच करा आणि आखूड-लांब ए-ओ घोटा. बोलायचं कुणासारखं, तो माणूस तुम्ही निवडा, मी शेठजी निवडले. फक्त नोकरीची मुलाखत असेल तर 'बेळे'च म्हणा, बे लांबवून. तिथे 'ब्याळी' चालेलच असं नाही.