परसबागेच्या भेटी आणि घरचा वानवळा

प्रश्न : विश्रामबाग परिसरातील आम्ही काही कुटुंबे दर महिन्याला एकमेकांच्या बागा पाहायला जातो आणि निघताना फांद्या, रोपे, ताजी भाजी असे काहीबाही देतो-घेतो. मागच्या भेटीनंतर माझ्या जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड पडली. शिवाय ज्यांच्याकडे गच्चीत चार-सहा कुंड्याच आहेत, त्या मैत्रिणी आपली बाग दाखवायला संकोचतात. हा उपक्रम पुढे चालू ठेवावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य चालू ठेवावा. आपल्याच हवामानात आणि आपल्याच मातीत दुसऱ्याने काय साधले, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. एकट्या सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा पाऊस वेगळा आणि जत-आटपाडीचा वेगळा. त्यामुळे कुठेतरी वाचलेले लागवडीचे वेळापत्रक आपल्या गच्चीवर लागू पडेलच असे नसते, पण चार घरे पलीकडच्या बागेचे बहुधा पडते. म्हणूनच बाग दाखवणाऱ्याने फुललेल्या कोपऱ्यापाशी न थांबता बी कधी टाकले, कुंडीत कोणती माती भरली आणि कोणते झाड का गेले, हेही सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उदाहरणार्थ, कृष्णाकाठची काळी माती शेतात कितीही कसदार असली, तरी नुसती कुंडीत भरली की भिजल्यावर चिकट होते, वाळल्यावर कडांपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. तिच्यात शेणखत आणि कोकोपीट नेमके किती मिसळल्यावर मिरची तरारली, हे सांगणारी मैत्रीण बहुतेक वेळा मोजक्या कुंड्यांचीच असते, कारण तिचे प्रत्येक कुंडीकडे लक्ष असते. पुढची भेट तिच्याकडेच ठरवावी.

आता जास्वंदीविषयी. आपल्या वर्णनावरून हा पिठ्या ढेकूण असावा. त्याची नुकती जन्मलेली पिल्ले डोळ्यांना सहज दिसत नाहीत; ती फांदीबरोबर, कपड्यांना चिकटून किंवा वाऱ्यानेही दुसऱ्या झाडावर पोहोचतात आणि त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असे फवारावे. आठवडाभराने हीच फवारणी पुन्हा करावी. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही, तर कीड परत येते.

आलेली प्रत्येक फांदी किंवा रोप निदान दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे आणि पानांच्या बगला व कोवळे शेंडे रोज न्याहाळावेत. रोपाबरोबर येणाऱ्या मातीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. टोमॅटो किंवा वांग्याच्या रोपाच्या मुळांवर गाठी दिसल्या, तर ते सूत्रकृमींचे लक्षण समजून ते रोप मातीसकट नाकारावे. घेवड्यासारख्या शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपकारक असतात आणि नखाने सहज सुटतात. सूत्रकृमींची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असल्यामुळे ती सुटत नाही. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी. आणखी एक गोष्ट आपल्या भागात स्पष्टच सांगायला हवी: तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटो किंवा मिरचीच्या झाडाला स्पर्श करू नये, कारण वाळलेल्या तंबाखूत टिकून राहणारा मोझॅक विषाणू त्या हातांवाटे झाडात शिरू शकतो. हात साबणाने धुऊनच बागेत जावे.

सांगलीत बेण्यासाठी हळदीचे कंद मागितले जाणारच. ते निरोगी गड्ड्याचेच द्यावेत; मऊ पडलेला किंवा कुबट वास येणारा कंद दिला, तर कंदकूज दुसऱ्याच्या कुंडीत पोहोचते. बी देताना ते गावरान आहे की संकरित, हे पुडीवर लिहावे, कारण संकरित टोमॅटोच्या बियांपासून तसेच फळ येत नाही. आणि न विचारता कोणी कोणाच्या झाडाची फांदी मोडू नये, हे पहिल्याच भेटीत सर्वांसमोर बोलून घ्यावे.

प्रश्न : आमच्या वेलीला एकदम बरेच दुधी लागले, म्हणून ते शेजारी वाटले. एका घरी दुधी कडू निघाला. बाकीचे वापरावेत का, आणि त्याच वेलीचे बी ठेवावे का? (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : दोन्ही करू नये. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. त्यांमुळे उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि गंभीर प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. शिजवल्याने ती नाहीशी होतील, असा भरवसा धरता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दुधीचा कडू रस पिऊ नये, असेच सांगितले आहे. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांमुळे कडवटपणा वाढतो. शेजारच्या कडू वेलीच्या परागाचा परिणाम मात्र या फळावर नव्हे, तर त्यातील बियांपासून येणाऱ्या पुढच्या वेलीवर होतो. म्हणून यापुढे दुधी देताना प्रत्येकाची देठाकडची पातळ चकती कापून जिभेला लावून पाहावी, कडू लागल्यास लगेच थुंकून चूळ भरावी आणि ते फळ कोणालाही देऊ नये. सध्या ज्या घरांत त्या वेलीचे दुधी गेले असतील, त्या सर्वांना आजच निरोप पाठवावा आणि शिजवून ठेवलेली भाजीही टाकून द्यायला सांगावे. कोणी ती आधीच खाल्ली असेल आणि मळमळ, पोटदुखी किंवा उलटी सुरू झाली असेल, तर घरगुती उपाय करत न बसता त्यांनी तत्काळ रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना कडू दुधी खाल्ल्याचे सांगावे.