हौद, खरारा आणि शेजारची घोडी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, अख्ख्या पागेविरुद्धची फिर्यादच ती! निम्म्या तक्रारी मी लाल पेन्सिलीनं खोडल्या. दोन-तीन ठिकाणी मात्र खाली रेघ ओढली, कारण तिथं तू फारच बेतानं लिहिलं आहेस.

सामायिक पागेत घोडी ठेवली की दहा घरच्या रीती एका पत्र्याखाली येतात. वरातवाल्याचं घोड्यावर पोट आहे. अकलूजच्या घोडेबाजारात मिरवायला घोडा पोसणाऱ्या बागायतदाराची त्यात इभ्रत आहे. तुझ्यासारख्यांची हौस आहे. तेव्हा एखादी गोष्ट खटकली की आधी बघ, तिचा त्रास त्या घोड्याला होतोय, दुसऱ्याच्या घोड्याला होतोय, की नुसता तुझ्या डोळ्यांना? डोळ्यांना होत असेल तर खुशाल काणाडोळा कर.

वरातीच्या नुकऱ्याला, म्हणजे पांढऱ्या घोड्याला, निळीच्या पाण्यानं धुतात, आयाळीत मणी ओवतात, दारावर लिंबू-मिरची टांगतात, घोडं घेताना अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात. मोजू देत की! भोवऱ्यापायी चांगलं जनावर कुणी नाकारलं तर ते तुझ्यासारखीला स्वस्तात मिळतं. खोगिराखाली जुनी सोलापुरी चादर घालतात याचा तुला फार राग. अगं, जाड सुती चादर घाम टिपते. तुझ्या त्या झगमगीत नायलॉनच्या गादीखाली आपल्या उन्हाळ्यात पाठ उकडून निघते. बघायचं ते एवढंच, की चादरीची घडी किंवा शिवण कण्यावर येत नाही ना. स्वारी झाली की खोगीर उतरवून लगेच पाठ बघायची सवय लाव. सगळी पाठ घामानं ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथं खोगीर दाबतंय. हा डाग चादरीखालीही दिसतो आणि महागड्या गादीखालीही.

चाऱ्याचं मात्र सोडून देऊ नकोस. सकाळी एकदा कडब्याची पेंढी टाकायची, वर चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, तोबरा तोंडाला चढवायचा आणि संध्याकाळपर्यंत गव्हाण कोरडी, ही रीत आपल्याकडं बैलांवरून आली असावी. बैल रवंथ करतो, घोड्याला ती सोय नाही. त्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं, त्यात आम्ल रात्रंदिवस झिरपतं, आणि त्यावर उतारा म्हणजे चघळताना सुटणारी लाळ. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटात बिघडलं की ते जिवावर बेततं. तुझ्या साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण लागते. ती तीन-चार वेळा विभागून घाल, आणि चंदी वैरणीनंतर, थोडी थोडी. कडब्याची कुट्टी करून घातलीस तर दांडे वाया जात नाहीत. गव्हाचा कोंडा ‘थंड असतो’ म्हणून काहीजण घमेल्यानं घालतात. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. महिनोन्महिने तोच मुख्य खुराक झाला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. शेंगपेंडीला पावसाळ्यात बुरशी धरते. वास कुबट आला की ती कुणाच्याच गव्हाणीत जाऊ देऊ नकोस.

आणि हिरवी कोवळी ज्वारी! पावसानं ताण दिलेली, गुडघ्याएवढी, किंवा कापणीनंतर खोडव्याला फुटलेली. शेतकरी म्हणतात तिची ‘किराळ लागते’, ती याच अवस्थेत. त्यात सायनाइड तयार होतं. गुरं त्यानं पटापट दगावतात. घोड्यानं तशी ज्वारी रोज खाल्ली तर मूत्राशय आणि मागचे पाय जातात. पूर्ण वाढून वाळलेल्या कडब्याला हे भय फारसं नसतं. कुणी बांधावरून भारा आणलेला दिसला तर तिथं भीड ठेवायची नाही, जागेवर अडवायचं.

तुझ्या घोडीला कुणीतरी मांडवातली जिलेबी चारली, हे तू शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत हवं होतं. गुळाच्या एका खड्यानं काही बिघडत नाही. पण न विचारता दुसऱ्याच्या जनावराच्या तोंडात काही घालणं हे बिघडवतं. रात्री घोडी पोटाकडं वळून बघायला लागली, लोळायला लागली, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, ‘काय खाल्लं?’ आणि तुला उत्तर माहीत नसणार. ज्यानं जिलेबी दिली त्याला एकटं गाठून सांग, ‘अण्णा, तिचं पोट नाजूक आहे, मला विचारल्याशिवाय काही देऊ नका.’ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलंस तर जिलेबी थांबेल, पण रात्री-अपरात्री तुझी घोडी कण्हली तर तुला फोन करणारं तिथं कुणी उरणार नाही.

पण खरं घोडं पेंड खातं ते हौदापाशी. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, तिथं बारा जनावरांचा एक हौद म्हणजे भांडणाचं मूळच. घोड्याला एरवी दिवसाला २५-३० लिटर पाणी लागतं, कडक उन्हात आणि कामात त्याच्या दुप्पट. कोरड्या कडब्यावर असलेलं घोडं तहानेलं राहिलं तर आतड्यात गोळा अडकतो. म्हणून शेवटची बादली काढून हौद तसाच ठेवून जाणाऱ्यावर तू चिडलीस ते योग्यच. नुसती चिडू नकोस, सगळ्यांकडून नियम करून घे : मोटार कोण लावणार, टँकर आला की उतरवून कोण घेणार, शेवाळ कोण घासणार. भिंतीवर खडूनं वार लिहा. ज्याचा वार त्याची जबाबदारी, मग तो कितीही मोठा असो.

याच पाण्यावरून पागेतल्या जुन्याजाणत्या चाचांशी वाद घातलास, हे वाचून मात्र वाईट वाटलं. घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी घालू नये, असं त्यांच्या वस्तादानं त्यांना शिकवलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी उष्म्यात घोडे सांभाळायचे म्हणून यावर पुष्कळ अभ्यास झाला. गार पाण्यानं स्नायू धरतात ही भीती त्यात खरी ठरली नाही, उलट तापलेलं घोडं पाणी ओतत राहिल्यानंच लवकर निवतं. म्हणजे मुद्दा तुझा बरोबर आहे. पण चार पोरांसमोर चाचांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणून काय साधलंस? उद्या स्वारीहून आलीस की त्यांच्यादेखत घोडीला थोडं थोडं पाणी पाज, मान, छाती, मांड्यांवर मगानं पाणी ओतत राहा, आणि बरगड्यांची हालचाल मोजून दाखव, धाप किती वेळात खाली येते ते. ते बघतील, बोलणार काही नाहीत. आणि टापेवर हात ठेवून ती गरम लागते का, नाल कुठं सैल झालाय, हे त्यांच्याइतकं तिथं कुणालाच कळत नाही. ते त्यांच्याकडून शिकून घे. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. तो वेळेवर आणायचं कामही चाचाच करतात, विसरू नकोस.

आता रेघ ओढलेली तक्रार. ‘माझा खरारा आणि बादली कुणीही वापरतं, पण बोलायला कसंतरी वाटतं.’ कसंतरी वाटायचं काही कारण नाही. अंग घासायच्या खराऱ्यावरून आणि खोगिराखालच्या कापडावरून नायटा एका अंगावरून दुसऱ्यावर जातो. बादली-तोबऱ्यातून नाकाचे आजार पसरतात, आणि त्यांत ग्लँडर्स हा सगळ्यांत वाईट. तो माणसालाही होतो, त्याची खबर सरकारला द्यावी लागते आणि रोग ठरला की घोडं मारावं लागतं. म्हणूनच लोक लपवतात. लग्नसराईत आणि अकलूज-सारंगखेड्याच्या बाजारानंतर पागेत नवी घोडी येतात. आलेलं घोडं दोन-तीन आठवडे वेगळ्या दावणीला, वेगळ्या बादलीवर, हे पागेच्या मालकाकडून कबूल करून घे. पशुवैद्यकांकरवी रक्त तपासायला पाठवता येतं, हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात ही तपासणी होते. कागद मागितल्यानं कुणी नाराज झालं तर होऊ दे. तुझ्या खराऱ्याला मात्र लाल चिंधी बांध आणि काम झालं की घरी घेऊन जा.

लिदीचा ढीग दारातच पडतो, ही तक्रारही खरी. पावसाळ्यात त्यावर माश्या घोंगावतात. सर्रा हा घोड्यांचा रोग पसरवणाऱ्या चावऱ्या माश्या वेगळ्या, पण तिथं साचलेला चिखल त्यांनाही मानवतो. ढीग लांब हलवायला एक ट्रॉली पुरते आणि खतवाला ती फुकट नेतो.

आणि एक गोष्ट, रागावू नकोस. तिथं तुझ्याही नावाची यादी असणारच. भर दुपारी दीड वाजता, घोडी डुलक्या काढत असताना आणि घोडी सांभाळणारे मोतद्दार भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलेले असताना, तू फोटो काढायला जातेस आणि घोडी वाटेतच बांधून ठेवतेस. दोन घोड्यांना तिच्या मागच्या पायांजवळून जावं लागतं. लाथ बसली तर चूक कुणाची, हे सांगायला नको.

संक्रांत जवळ आली आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं आणि गावात फटाके वाजतात, त्या रात्रीचं आधी ठरवून घ्या. काहीजण अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, आवळून बांधतात, ते मला पसंत नाही. बिथरलेलं घोडं दोरातच पाय मोडून घेतं. आत मोकळं सोडावं, पुढ्यात वैरण टाकावी आणि ओळखीच्या माणसानं जवळ थांबावं. पण अर्धे बांधलेले आणि अर्धे मोकळे असं झालं तर एकाच्या धडपडीनं सगळेच उसळतील, म्हणून एकमत हवं. चाचांना मधे घाल, त्यांचं सगळे ऐकतात. घोडीची धनुर्वाताची सुई टोचून झाली का, ते उलटटपाली कळव.

तुझा,
काका